चौदा महिने

त्या घरात कुठलंही बोलणं कुठूनही सुरू होवो, ते येऊन थांबायचं एकाच ठिकाणी. फ्रिजचं दार नीट लागत नाही? घराचं कर्ज फिटलं की बघू. चार दिवस समुद्र बघून येऊ या? कर्ज फिटलं की. बाबांचा पुढचा दात पडून दीड वर्ष झालं, तोही कर्ज फिटलं की. शेजारपाजारचे याची नक्कल करून हसायचे. हसेनात का! त्यांचे हप्ते कधी वेळेवर, कधी उशिरा. हिचा एकही हप्ता कधी चुकला नव्हता, आणि ही गोष्ट ती चारचौघांत सांगितल्याशिवाय राहायची नाही.

ही म्हणजे घरातली आई. पडद्यांच्या दुकानात कापड बेतायचं, कापायचं आणि शिवायचं, हे तिचं काम. नवरा तिला 'अर्थमंत्री' म्हणायचा. तो लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर लोकांना वीस वीस मजले वर पोचवायची सोय करणारा हा माणूस संध्याकाळी आपल्या घरी चार जिने पायी चढायचा, कारण लिफ्टच्या इमारतीतलं घर यांना परवडलं नव्हतं. हा विनोद तो स्वतःच करायचा आणि हसताना पडलेल्या दातापुढे हात धरायचा.

घरात सगळीकडे दुकानातल्या पडद्यांचे उरलेले तुकडे. उशांचे अभ्रे त्यांचे, पिशव्या त्यांच्या, डब्याचा रुमाल त्यांचा. लेक लहान असताना तिचे फ्रॉकसुद्धा त्यांचेच निघाले, आणि शाळेत पोरांनी तिला वर्षभर 'खिडकी' म्हणून पिडलं. त्यावर आईचं उत्तर तयार होतं. कापड एक नंबर आहे, उन्हात रंग जात नाही! भाजी आणायला ती बाजार उठता उठता जायची, कपडे धुतलेल्या पाण्याने फरशी पुसायची आणि एका खोलीत दिवा लागला की दुसऱ्या खोलीतला घालवायची. कंजूष म्हणा, चिकट म्हणा, तिला त्याचं काही नव्हतं.

याला कारण होतं. लहानपणी तिच्या वडिलांचं भाडं थकलं आणि घरमालकाने सगळं सामान जिन्यात आणून ठेवलं. दोन दिवस ती गुंडाळलेल्या गाद्यांवर बसून होती. ये-जा करणारे लोक तिच्यावरून पाय उचलून टाकत, आणि कुणी काही बोलत नसे, हेच तिच्या मनात जास्त राहिलं होतं. आपल्या घराचे चार जिने आपल्याला कुणी उतरायला लावू नयेत, एवढ्यासाठी ती आयुष्यभर पोटाला चिमटा काढत आली होती. चूक म्हणायची तर कशाला म्हणायची?

लेकीला घरात चिमी म्हणत. कॉलेज करून ती संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. पगार झाला की पाकीट तसंच्या तसं आईच्या हातात द्यायची. म्हणायची, "तूच ठेव गं. माझ्याकडे राहिले की उडतात." तिला कृत्रिम दात बनवायचा दोन वर्षांचा कोर्स करायचा होता. हात तिचा फार बारीक कामाचा. चष्म्याचा एवढासा स्क्रू ती नखावर धरून बसवायची. पहिला दात बाबांना फुकट, असं तिने जाहीरच करून टाकलं होतं. मग मेकॅनिक म्हणायचा, "आणि दुसरा तुझ्या आईला, अक्कलदाढ."

पुढे झालं ते असं. हप्ता भरायला गेली असताना काउंटरवरचा माणूस आईला सहज बोलून गेला, की पुढच्या महिन्यापासून व्याजाचा दर वाढतोय, आता एकरकमी काही भरलंत तर पुष्कळ वाचेल. तिने आपल्या शिलकीचा आकडा सांगितला. त्याने बटणं दाबली. पाच महिने कमी होतील म्हणाला. ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तिच्या खात्यात चिमीचे दोन वर्षांचे पगार पडून होते. ते धरून किती होतात ते बघा म्हणाली.

"चौदा महिने," तो म्हणाला.

चौदा महिने! जवळजवळ सव्वा वर्ष आयुष्य कुणी परत देत असेल तर कोण नाही म्हणेल? चिमी अर्ज करणार होती पुढच्या वर्षी. तोवर हॉटेलच्या पडद्यांचं मोठं काम दुकानात येणार होतं, त्याच्या जादा पैशांतून पोरीचे पैसे होते तिथे ठेवून द्यायचे, कुणाला कळायचंसुद्धा नाही. तिने सही केली. त्या रात्री तिला इतकी गाढ झोप लागली, की सकाळी नवऱ्याने तिला हलवून उठवलं.

हॉटेलचं काम दुसऱ्याच दुकानाने पळवलं. आणि चिमी एका संध्याकाळी चारही जिने धावत चढून आली. बघू तर लागतो का नंबर, म्हणून तिने याच वर्षी अर्ज टाकला होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. प्रतीक्षा यादीतून तिचं नाव वर सरकलं होतं.

"शुक्रवारपर्यंत फी भरायची," ती दम खात म्हणाली. "आई, माझे काढून दे. वरचे थोडे कमी पडतात, ते दुकानवाले काका आगाऊ द्यायला तयार आहेत. विचारून आले मी."

आईच्या हातातली कात्री हातातच राहिली.

"अगं, ते... घरातच गेले ते."

"घरात म्हणजे?"

"कर्जात. दर वाढणार होता. चौदा महिने कमी झाले चिमे, एकदम चौदा!"

चिमीला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मला न विचारता?"

"पुढच्या वर्षी जाणार होतीस ना तू? आणि घर काय मी डोक्यावर घेऊन जाणार आहे? तुझंच आहे ना शेवटी?"

"मी घर मागितलं नव्हतं, आई. मी ठेवायला दिले होते."

मेकॅनिक मध्ये पडला. तो भांडणात नेहमी मध्येच पडायचा आणि दोन्हीकडून बोलणी खायचा. "अगं, जाऊन विचार तर बँकेत. चुकून भरले म्हणावं. माणसंच असतात तिथेसुद्धा."

दुसऱ्या दिवशी आई दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन बँकेत गेली. अर्ध्या सुट्टीचे पैसे कापले जातात, हेही मनात आलंच. काउंटरवरच्या माणसाने तिला आत, टाय लावलेल्या एका तरुणाकडे पाठवलं. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं. भरलेले पैसे परत येत नाहीत, म्हणाला, पण त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे?

"तुमच्यासारखे ग्राहक आम्हाला दिवा लावून शोधावे लागतात, ताई. याच घरावर तुम्हाला वाढीव कर्ज देतो. दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे."

"आणि मुदत?"

त्याने हिशेब काढला. गेलेले चौदा महिने परत येणार होते, आणि वर आणखी अकरा.

त्याने फॉर्म पुढे केला, कुठे कुठे सही करायची तिथे फुल्या मारून दिल्या. तिने पेन उघडलं. खरं सांगायचं तर एवढंच करायचं होतं. सही केली असती तर शुक्रवारी फी भरली गेली असती, आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण फुलीवर पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. पुन्हा कर्ज! इतकी वर्षं एकेक पायरी चढायची आणि आपल्याच हाताने स्वतःला खाली लोटायचं? कोर्स काय पळून जातोय? जागा पुढच्या वर्षीही निघतील. पोर लहान आहे, एका वर्षाने काय बिघडतं? घर मात्र एकदाच होतं. तिने पेनाचं टोपण लावलं, फॉर्म उलटा करून ठेवला आणि पाणी तेवढं पिऊन उठली.

चार जिने चढेपर्यंत वाक्य तयार झालं होतं. "बँक नाही म्हणाली," तिने सांगितलं. हे खोटं नाहीच, असं तिने स्वतःला समजावलं. भरलेले पैसे द्यायला ते नाहीच म्हणाले होते.

 मेकॅनिक दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कामावर गेला. आगाऊ पगार मागायला. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता, तो नाक मुठीत धरून मालकाच्या केबिनबाहेर तासभर उभा राहिला. आत गेल्यावर मालकाने अंथरूण, पाय, हौस-मौज यांवर त्याला बरंच काही ऐकवलं आणि फीच्या पावपटसुद्धा होणार नाहीत एवढे पैसे टेबलावर ठेवले. ते घेऊन तो घरी आला. पाकीट चिमीपुढे ठेवताना तो हसला, आणि दातापुढे हात धरायचं विसरला.

तेव्हा शुक्रवार उजाडायला अजून दोन रात्री होत्या. आईने तोंड उघडलं असतं तरी जमलं असतं. तिला नवऱ्याकडे बघवत नव्हतं, शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण ती मूग गिळून करपलेलं भांडं घासत बसली. शुक्रवार आला तसा गेला. चिमीची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली.

घर पुन्हा रुळावर आलं, म्हणजे आलं असं आईला वाटलं. चिमी चष्म्याच्या दुकानात पूर्ण वेळ जाऊ लागली. बोलायची कामापुरतं. पुढच्या वर्षाचा विषय काढला की म्हणायची, बघू.

महिन्याभराने तिघं जेवायला बसली होती. मेकॅनिकचा फोन वाजला; कर्जाच्या कागदांवर नंबर त्याचाच होता. त्याने मेसेज वाचला आणि मोठ्याने हसायला लागला.

"ऐका, ऐका! आपली किंमत बघा जरा! 'आपण आमच्या शाखेत केलेल्या चौकशीनुसार आपले वाढीव कर्ज आजही उपलब्ध आहे. फक्त एक सही.' घ्या! आपल्याला नाही म्हणाले आणि आता..."

हसू अर्ध्यावर थांबलं. त्याने मेसेज पुन्हा वाचला, या वेळी मनात. चिमी फोनकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती.

"आपण केलेली चौकशी," तो हळू म्हणाला. "तू गेली होतीस तेव्हा देत होते?"

आईने भात कालवला, पुन्हा कालवला.

"पंचवीस महिने वाढत होते," ती म्हणाली. "पंचवीस! मी काय चोरी केली का? कुणासाठी केलं मी हे सगळं? माझ्या अंगावर काय दिसतंय तुम्हाला?"

"मी त्या माणसाच्या केबिनबाहेर तासभर उभा होतो गं," मेकॅनिक म्हणाला. आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो ताट तसंच ठेवून उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्या घरात ताटात अन्न टाकून आजवर कुणी उठलं नव्हतं.

चिमीने आपलं जेवण संपवलं. बाबांचं ताट झाकून ठेवलं. मग तिने शांतपणे विचारलं, "आई, कर्ज फिटलं की तू काय करणार आहेस?"

आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला काहीच सुचेना. फ्रिज, समुद्र, दात, सगळं इतरांनी मागितलेलं होतं. तिचं स्वतःचं त्यात काही नव्हतं. ती पहिल्यांदाच हे बघत होती आणि तिला ते मुळीच आवडलं नाही. "ते तेव्हाचं तेव्हा," ती तुटकपणे म्हणाली.

पगाराच्या दिवशी चिमीने शिवणयंत्रावर पैसे ठेवले. पाकीट नाही, मोजून ठेवलेल्या नोटा.

आईच्या जिवात जीव आला. "ठेवू ना नीट? या वेळी हात लावणार नाही बघ, तुझी शपथ."

"ठेवायला नाही दिलेले. भाडं आहे ते. माझ्या पलंगाचं आणि दोन वेळच्या जेवणाचं. बाहेर विचारून आलेय, तेवढंच पडतं."

"वेड लागलंय का तुला? पोटच्या पोरीकडून भाडं घेऊ मी?"

"घे," चिमी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. "ठेवायला दिलेले परत मागावे लागतात. भाडं परत मागायचं नसतं."

ती चपला घालून कामाला निघून गेली. आई यंत्रासमोर बसून रडली. मन भरून, आवाज करून रडली, घरात कुणी नव्हतंच. त्या पैशांना बोटसुद्धा लावणार नाही, पोरीचं मन वळेल तेव्हा तिच्या हातात ठेवीन, असं तिने अगदी मनापासून ठरवलं. चार दिवस नोटा कपाटात कापडाखाली पडून होत्या. चार दिवस ती कपाट उघडायची आणि लावायची.

पाचव्या दिवशी हप्त्याची तारीख होती. ती बँकेच्या रांगेत उभी राहिली. नंबर आला तशी तिने हप्त्याची रक्कम पुढे केली, आणि मग पर्समधून त्या दुसऱ्या नोटा काढून त्यावर ठेवल्या. तिला लाज वाटत होती. खरोखर वाटत होती, कानापर्यंत तापली होती ती. काउंटरवरच्या माणसाने नोटा मोजल्या, शिक्का मारला आणि पावती सरकवली. मागचा माणूस पुढे येऊ लागला, तरी ती बाजूला झाली नाही.

"याने किती महिने कमी झाले हो?" तिने विचारलं.