माझ्या लाल दिव्याला नमस्कार नको

मी एक जुनी पांढरी गाडी आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. आधीच सांगून ठेवते. गोड गोड ऐकायचं असेल तर आमच्या कुंभकोणममध्ये देवळांचे रथ पुष्कळ आहेत, त्यांना विचारा.

माझा जन्म चेन्नईजवळच्या एका कारखान्यात झाला. चंद्रमौली मला घरी घेऊन आले तेव्हा त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाईंनी मला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. "लक्ष्मी आली हो घरास!" असं त्या साऱ्या गल्लीला सांगत सुटल्या. घरात जुन्या वळणाची मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असं हे कुटुंब. धंदा कॉफीच्या भुकटीचा. सकाळी ताजी दळायची आणि चोळपुरम्, तिरुप्पनंदाळच्या दुकानांत पोचवायची. पोचवायची कुणी? मी! घरात दुसरी गाडी नाही. मी बसले की धंदा बसला.

कित्येक वर्षं मी तक्रार केली नाही. माझ्या पोटात कॉफीचा वास असा मुरला की चौकातला पोलीसही मला वासावरून ओळखायचा. दर शुक्रवारी मला चंदन लागायचं, आयुधपूजेला झेंडूचा हार मिळायचा. पण तेल? इंजिनाचं तेल बदलायची आठवण कुणाला नाही! कमी झालं की चंद्रमौली वरून थोडं ओतायचे आणि झाकण लावून हात झटकायचे. खालचं काळं, शिळं तेल तसंच. मित्रांनो, तुमच्या घरी शिळ्या आमटीवर रोज ताजी आमटी ओततात का? मग मला का?

शेवटी मी लाल दिवा लावला. रेल्वे फाटकापाशी उभी होते, इंजिन तापलेलं होतं, आणि तेलाचा दाब कमी झाला. स्टिअरिंगमागच्या छोट्या काचेत तो दिवा लागतो. त्याचं चित्र तेलाच्या बुधलीचं असतं. चोच पुढे आलेली, चोचीशी एक थेंब.

चंद्रमौलींच्या शेजारी मीनाक्षीबाई बसल्या होत्या. तो शुक्रवार होता.

"अहो, पाहा! दीप लागला!" त्यांनी हात जोडले. "चोच पाहा, थेंब पाहा. आमच्या देवघरांतल्या समईसारखाच."

चंद्रमौलींनीही हात जोडले! कर्म माझं! मी गळा काढून ओरडते आहे, आणि हे दोघं मला नमस्कार करताहेत. घरी आल्यावर बाईंनी नेमकं त्या दिव्यावरच चंदनाचं बोट लावलं, वर कुंकू. पुढच्या शुक्रवारी आणखी एक थर. दिवा रोज लागत होता, पण चंदनाआड तो दिसणार कुणाला?

मग माझ्या पोटात टकटक सुरू झाली. ती मात्र त्यांचा मुलगा उमेश याला ऐकू आली. त्याने नखाने चंदन खरवडलं, आत लाल उजेड बघितला आणि कपाळावर हात मारला. फोनला जोडायचं एक यंत्र आणून त्याने मला तपासलं. यंत्र म्हणालं, काही दोष नाही. मेकॅनिक सुंदरेशने तेल मोजायची सळई बाहेर काढली, पुसली, पुन्हा बुडवली.

"आयिल इरुक्कु, सार," तो म्हणाला. तेल आहे, भरपूर आहे. त्याने सेन्सर बदलला. मी पुन्हा दिवा लावला.

"ही गाडी खोटं बोलते," उमेश म्हणाला.

मी खोटं बोलते? मी? अंगाचा तिळपापड झाला माझ्या! टकटक म्हातारपणाची आहे असं बाप, लेक आणि मेकॅनिक तिघांनी मिळून ठरवलं, आणि दिव्याची वायरच कापून टाकायचं ठरलं. सुंदरेश पक्कड घेऊन आला. ती वायर गेली असती, मित्रांनो, तर मी मुकी झाले असते. दोन दिवसांत इंजिन जाम, मी भंगारात आणि चंद्रमौली घरी.

"थांबा!" मीनाक्षीबाई अंगणात धावत आल्या. "आमच्या घरांत जळता दीप कुणी तोडीत नाही."

"अम्मा, हा देवाचा दिवा नाही," उमेश वैतागला. "इंजिनाला तेल मिळत नाही, एवढंच तो सांगतो. आणि तेल तर भरलेलं आहे."

बाई हळूच म्हणाल्या, "भरलेलें असेल रे. वातीपर्यंत जातें कां, तें पाहिलें? कार्तिकांत आपली समई भरलेली होती, तरी ज्योत मंद झाली. वातीच्या नळींत काजळीचा गाळ बसला होता. मी सुईनें काढला."

सुंदरेशने पक्कड खाली ठेवली, माझ्याखाली शिरला आणि तेलाचं चेंबर उतरवलं. ज्या जाळीतून तेल वर ओढलं जातं, ती काळ्या चिकट गाळाने पार चोंदली होती. त्याने ती चंद्रमौलींच्या हातातच ठेवली. त्यांची बोटं काळी झाली. बरं झालं!

जाळी धुतली, नवं तेल भरलं. इंजिन सुरू झालं, टकटक थांबली आणि लाल दिवा गेला.

"विझ…" उमेश बोलणार, तोच बाईंनी डोळे वटारले. या घरात दिवा विझला असं कुणी म्हणत नाही. आजूबाजूच्या तमिळ घरांसारखं तेही म्हणतात, दिवा डोंगर चढला.

"डोंगर चढला," उमेश निमूटपणे म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी मीनाक्षीबाई चंदनाची वाटी घेऊन आल्या. बोट दिव्याच्या काचेपाशी गेलं आणि थांबलं. त्यांनी पदराने जुनं चंदन स्वच्छ पुसलं आणि नवं बोट स्टिअरिंगला लावलं. माझा राग थोडा उतरला. थोडाच.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीत असा दिवा लागला तर हात जोडू नका, वायर कापू नका. गाडी थांबवा आणि तिचं दुखणं शोधा. आता रेल्वे फाटकापाशी उभे राहिलो की चंद्रमौली त्या काळ्या काचेकडे टक लावून बघत बसतात. आता बघतात! मी जळत होते तेव्हा चंदन, आणि आता काही नाही तर डोळे. बघा, बघा. एवढंच तर मागत होते मी.