इथल्याच पैशात

बटणं, रीळ आणि अस्तराचं दुकान तीस वर्षं एकटीने चालवलेल्या बाईला कुणी सहजासहजी गंडवू शकत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त तिच्या सख्ख्या भावाला. दादा बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेला. पैशातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं खुद्द पैशालाही कळत नाही, अशी त्याची ठाम समजूत. साठीला आलेल्या बहिणीला तो अजून ‘चिमे’ म्हणायचा.

दादा, वहिनी आणि चिमा पहिल्यांदाच परदेशी फिरायला निघाली, तेव्हा दादाच्या मुलीने तिघांना समोर बसवून सांगितलं होतं, की विमानतळावर पैसे बदलू नका, परदेशात वेगळे पैसे न कापणारं कार्ड घ्या, आणि मशीनने विचारलं तर तिथल्याच पैशात बिल द्या. दादाने पेपर वाचत हूं हूं केलं. चिमाने दुसऱ्याच दिवशी कार्डाचा अर्ज भरला.

विमानातून उतरल्या उतरल्या दादा पैसे बदलून देणाऱ्या काचेच्या खिडकीकडे धावला. वर पाटी होती, ‘कमिशन नाही’.

“दादा, कमिशन घेत नाही, तर हा एवढे दिवे लावून बसतो कशाच्या जिवावर?” चिमा म्हणाली. “भावातच मारत असणार.”

“चिमे, बटणं विकणं वेगळं आणि परकीय चलन वेगळं,” दादा म्हणाला आणि नोटांचं सगळं पुडकं खिडकीतून आत सरकवलं.

तिसऱ्या दिवशी बदलून घेतलेले पैसे संपले. रात्री दादाने फोनवर त्या दिवशीचा बँकेचा भाव शोधला, वहीत किती बुडाले ते मांडलं आणि पान फाडलं. वहिनींनी ते पाहिलं. संसार टिकवायचा होता म्हणून त्या गप्प बसल्या.

चौथ्या दिवशी चढावाच्या रस्त्यावर वहिनींच्या बुटाचा तळ निघून जिभेसारखा लोंबायला लागला. समोरच चपलांचं चिंचोळं दुकान होतं. खोकी छताला टेकलेली, आत रबराचा आणि डिंकाचा वास, आणि कपाळावर चष्मा चढवून बसलेला म्हातारा दुकानदार. त्याने तीन जोड काढले. तिसरा पायात घालून वहिनी दोन पावलं चालल्या.

“वन्सं, लोण्यात पाय घातल्यासारखं वाटतंय हो!”

दादाच्या खिशात फक्त चिल्लर खुळखुळत होती. चिमाने आपलं कार्ड पुढे केलं. दुकानदाराने ते मशीनला लावलं, पटकन स्वतःच एक बटण दाबलं आणि चिठ्ठी हातात दिली.

“बघ, आपल्याच पैशात बिल!” दादा खूश झाला. “किती सोय!”

चिमाने खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीने हिशेब केला. “सोय कसली? सोयीचे पैसे लावलेत, बदलायचा भाव चढा धरलाय. रद्द करायला सांग.”

बाईला जोड महाग वाटला, असं दुकानदाराला वाटलं. त्याने वर नाड्यांची जोडी ठेवली. चिमाने मान हलवली. त्याने पॉलिशची डबी ठेवली. पुन्हा नकार. आता तो बिचारा ब्रश शोधायला लागला, तेव्हा चिमाने फोनवर लिहून त्याच्या भाषेत करून दाखवलं, ‘तुम्ही चांगले आहात. मशीन लबाड आहे.’

म्हातारा खो खो हसला. त्याने बिल रद्द करून पुन्हा आकडा घातला. पडद्यावर दोन रकमा आल्या, एक पाहुण्यांच्या पैशात, एक तिथल्या. चिमाने तिथल्या पैशावर बोट ठेवलं, मग झाकणावर दोन्हींतला फरक तिथल्या पैशात लिहून त्याखाली जाड रेघ मारली.

दुकानदार त्या रेघेकडे बघतच राहिला. मग स्टुलावर बसून त्याने स्वतःच्या फोनवर सावकाश लिहिलं, ‘माझी मुलगी परदेशात असते. मी दर वर्षी जातो. तिथली मशीनं विचारतात. मी नेहमी माझ्याच पैशात देतो. आकडा समजतो म्हणून.’

चिमाने हळूच मान डोलावली. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला आणि जिन्याकडे तोंड करून हाक दिली. पीठभरल्या हातांनी त्याची बायको खाली आली, तिने झाकण वाचलं आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. शब्द एकही कळत नव्हता, पण ‘मी कानीकपाळी ओरडत होते!’ हे कुठल्याही भाषेत कळतं. वहिनींना तर ते इतकं कळलं, की त्यांनी त्या बाईचा हातच हातात घेतला.

तिघं निघताना दुकानदाराने मशीनवर कागद चिकटवला. चिमाने फोनवर अर्थ बघितला, तर त्यावर लिहिलं होतं, ‘आधी विचारा, मग दाबा.’ नाड्या आणि पॉलिश त्याने पिशवीत टाकलंच.

रस्त्यावर दादा दहा पावलं पुढे गेला. मग घसा खाकरून म्हणाला, “चिमे, त्या कार्डाचा अर्ज मोठा असतो का गं?”

“दोन पानं,” चिमा म्हणाली.

दुपारी संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर दादाने बहिणीचं कार्ड मागून घेतलं, मशीनवरचं बटण आपल्या हाताने दाबलं आणि मागच्या अनोळखी जोडप्याकडे वळून हातवारे करत त्यांना सगळं समजावून सांगितलं, जणू हा शोध त्यानेच बँकेत असताना लावला होता. रांग खोळंबली. नव्या बुटांत उभ्या असलेल्या वहिनी पदर तोंडाशी धरून हसत होत्या.

“सांगू दे त्याला,” चिमा त्यांच्या कानात म्हणाली. “छान सांगतोय.”