सिलिंडरला शेंदूर

वसंतरावांना त्या सकाळी कुणी पाहिलं असतं, तर म्हणालं असतं, या गृहस्थांना आधी एक खाट द्या. अडतीस वर्षं विमानांची इंजिनं खोलण्या-जोडण्यात गेली होती. आता तुळजापूरच्या घरी निवांत पडावं, एवढीच काय ती त्यांची हौस उरली होती. पण परंड्याकडच्या अमरसिंहदादांच्या मनात विमान घ्यायचं आलं, आणि अख्ख्या जिल्ह्यात विमानातलं कळणारा माणूस कोण म्हणताच सगळ्यांनी वसंतरावांकडं बोट दाखवलं.

विमान कशाला? तर आईसाठी. दादांच्या आई कडूबाई, त्यांना सगळे आक्का म्हणत. आक्कांनी टीव्हीवर हिमालयाचं बर्फ पाहिलं आणि म्हणाल्या, "येकदा डोळ्यानं बगावं." जन्मात त्यांनी लेकाकडं काही मागितलं नव्हतं. गुडघे गेलेले, डोंगर चढणं शक्य नाही. दादांनी ठरवलं, आईला डोंगराच्या वरूनच न्यायचं.

दोन विमानं पसंतीला आली. एक पंधरा वर्षं वापरलेलं, दिसायला अगदीच सुमार. पण त्याच्या बंद केबिनमध्ये हवेचा दाब टिकून राहायचा. बाहेर सोळा हजार फूट असले, तरी आतल्या माणसाला महाबळेश्वरी बसल्यासारखं वाटावं. दुसरं कोरं करकरीत, पांढरंशुभ्र, पुढं पायलटसमोर टीव्हीसारखे मोठाले पडदे; पण आत दाब धरायची सोय नाही. उंच गेलं की प्रत्येकानं नाकाला नळी लावायची आणि मागच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन ओढायचा.

वसंतरावांनी डोळे फोडून तीन पानं लिहिली. विरळ हवेत माणसाला आपला श्वास कमी पडतोय हे कळतच नाही, उलट मजा वाटते, मग बोलणं बरळल्यासारखं होतं, मग झोप. आणि पायलटही माणूसच असतो. सिलिंडर कसा हाताळावा, तेही सगळं लिहिलं. म्हातारं माणूस न्यायचं तर जुनं विमान घ्या, असा शेवट केला. दादांनी पानं घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "काका, कोरी गाडी सोडून सेकंडहँड कुणी घेतं व्हय?"

झालं. कोरं विमान धाराशिवच्या धावपट्टीवर येऊन उभं राहिलं आणि त्याची देखभाल वसंतरावांच्याच गळ्यात पडली. त्यांनी वाद सोडून दिला. महिनाभर तेच तेच सांगून तोंड दुखलं होतं.

दोन दिवसांपूर्वी आक्का विमान बघायला आल्या. चार नातेवाईक फोटो काढत होते. आक्का मात्र मागच्या सीटजवळच्या सिलिंडरकडं बघत राहिल्या.

"ह्ये काय हाय, वसंतराव?"

ते सगळं परत पहिल्यापासून सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. म्हणाले, "आक्का, वर हवा कमी असते. ह्या सिलिंडरमध्येच तुमचा जीव आहे, असं समजा."

आक्कांनी पदर सावरून सिलिंडरला हात जोडले. एवढ्या मोठ्या घरात कुणीतरी आपलं ऐकलं, म्हणून वसंतरावांना तेव्हा बरंही वाटलं.

आज निघायचा दिवस. पहाटेच वसंतरावांनी तपासणी केली, ऑक्सिजनचा दाब बघितला आणि विमान उडायला योग्य आहे म्हणून कागदावर सही केली. मग पूजा. इकडं नवी मोटारसायकलसुद्धा नारळ फोडल्याशिवाय रस्त्याला लागत नाही, तर विमान कसं लागेल? वसंतरावांची त्याला ना नव्हती. पंखाखालच्या वेग मोजायच्या नळीला आणि विमानाच्या अंगावरच्या उंची मोजायच्या बारीक भोकांना हळदीकुंकू लावायचं नाही, असं बजावून ते चहाला गेले.

परत आले तेव्हा हार घातलेला, नारळ फुटलेला, आक्का मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेल्या. पायलट हर्षाली पुढं यादी वाचत होती. खरं तर आता काही बघायचं नव्हतं. गुडघे कुरकुरत होते. तरी सवयीनं त्यांनी दारातून आत डोकं घातलं आणि तेलाचा वास आला.

सिलिंडरच्या तोंडाला, थेट वॉल्ववर, शेंदूर थापला होता. तेलात कालवलेला, ओलाचिंब. वसंतराव तसेच दारातून ओरडले.

"हर्षाली, ऑक्सिजन उघडलास?"

"नाही अजून. आता उघडणारच होते."

"हात लावू नकोस. सगळे खाली उतरा."

दादा तरातरा आले. वसंतरावांनी सांगितलं, दाबातल्या ऑक्सिजनला तेल लागलं तर काडी लावावी लागत नाही. वॉल्व उघडताक्षणी भडका उडू शकतो. मी डोक्याला तेल लावतो, म्हणून साबणानं हात धुतल्याशिवाय त्याला शिवत नाही.

दादांनी खिशातून रुमाल काढला. "पुसलं की झालं."

"वॉल्वच्या आट्यांमध्ये उतरलंय. खोलून धुवावं लागेल, ते पुण्याला. चार दिवस."

"मग सिलिंडर ठेवा हितंच."

"त्याच्याशिवाय मी दहा हजार फुटांच्या वर नेणार नाही," हर्षाली म्हणाली. "आणि तेवढ्या उंचीवरून ती शिखरं ओलांडता येत नाहीत."

दादांचा पारा चढला. "काका, तुमचं पहिल्यापासून ते जुनंच विमान मनात. सही केलीय ना तुम्ही? मग आता कुणी लावलं हे? नाव सांगा!"

वसंतरावांनी आक्कांकडं पाहिलं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं केशरी होती आणि आक्का ती पदरात लपवत होत्या. आपलं म्हणणं खरं ठरलं याचा एरवी माणसाला आनंद होतो. वसंतरावांच्या अंगात तेवढंही त्राण नव्हतं. त्यांनी खिशातून कागद काढला, पहाटेची सही आडवी रेघ मारून खोडली. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

"देखरेख माझी. चूक माझी," ते म्हणाले.

"मग उद्यापासून येऊ नका," दादा म्हणाले.

"त्येंच्यावर कशाला वरडतो?" आक्का बोलल्या. "म्या लावलाय. सोनारीच्या भैरोबाचा शेंदूर हाय."

 रुमाल तसाच हातात घेऊन दादा धावपट्टीकडं चालू लागले. हर्षालीही विमान बंद करायला गेली.

वसंतरावांनी आक्कांना हात देऊन उतरवलं आणि शेडच्या सावलीत खुर्चीवर बसवलं. आज बर्फ हुकल्याचं दुःख म्हातारीच्या तोंडावर होतंच, पण ती रडली नाही. केशरी बोटांकडं बघत म्हणाली, "वसंतराव, जीव हाय म्हनलात, म्हून म्या त्यो देवाच्या हवाली केला. त्याल लावू नगं, ह्ये कुटं सांगितलंत?"

 ज्यानं वाचलं नाही त्याच्यासाठी वसंतरावांनी तीन पानं लिहिली होती. आणि जिनं कान देऊन ऐकलं, तिला अर्धं वाक्य सांगून मोकळे झाले होते. कंटाळा आला होता म्हणून! त्या कंटाळ्यापायी आज दोन बायका विमानात जळाल्या असत्या. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"चुकलं, आक्का," ते म्हणाले.

"चुकलं तर चुकलं. आता सांगा, पयल्यापून."

वसंतरावांनी दुसरी खुर्ची ओढली. गुडघे दुखत होते, डोळे मिटत होते, नोकरीही गेली होती. पण ते बसले, आणि वर गेल्यावर हवेचं काय होतं, इथपासून सांगायला लागले.