कोमट विहीर

राहुरीच्या विल्सनने वीस वर्षांत शेकडो बोअर मारले होते, पण ते सगळे थंड पाण्यासाठी. राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर त्याची गाडी उभी राहिली ती गरम पाण्यासाठी. जमिनीच्या पोटातली वाफ वर आणायची आणि तिच्यावर वीज करायची, ना धूर ना कोळसा, असं कंपनीचं म्हणणं होतं. आधी चाचणीचा एक बोअर घ्यायचा होता.

जागा बनुबाईच्या शेताला लागून होती. वाडीची पंचवीस घरं तिच्याच विहिरीवर पाणी भरायची, त्यामुळे ती संमतीच्या कागदावर सही करीना. कंपनीच्या साहेबांच्या नकाशांवर तिचा भरवसा नव्हता. विहिरीला काही होणार नाही ना, असं तिने विल्सनलाच विचारलं.

"वरचं पानी पाइपाच्या बाहेरच राहतं, मावशी," विल्सन म्हणाला. "पाइपाभोवती आपन सिमेंट भरतो, खालचं गरम पानी त्यात मिसळत न्हाई. माझा शब्द हाय."

त्या शब्दावर तिने सही केली.

थोडं खोल गेल्यावर पाइप उतरवून भोवती सिमेंट भरलं; पुढचं खोदण्याआधी ते घट्ट व्हायला तीन दिवस लागणार होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी साइटवरचे मुख्य साहेब म्हणाले की, शुक्रवारी पाहुणे वाफ बघायला येताहेत, मशीन चालू कर. सिमेंट अजून ओलं आहे, असं विल्सनने एकदा सांगून पाहिलं. जबाबदारी माझी, असं साहेब म्हणाले. विल्सनने मशीन चालू केलं आणि रजिस्टरात तीन दिवस थांबलो असं लिहून टाकलं.

शुक्रवारी खरोखरच वाफाळतं पाणी उसळून वर आलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. विल्सनचाही ऊर भरून आला.

त्यानंतर आठव्या दिवशी बनुबाईने त्याला विहिरीवर बोलावलं. बादली वर आल्यावर त्याने हात घातला. पाणी कोमट होतं. घोटभर प्यायला तर जिभेवर मचूळ चव राहिली. बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या.

"तू म्हनला हुतास सिमेंट भरतो," बनुबाई म्हणाली. "भरलं न्हाई का?"

"भरलं, मावशी. पन घट्ट होऊ दिलं न्हाई."

ग्रामसभा बोलावली गेली. उन्हाळ्यात पाणी तापतंच, एवढंच सांग, रजिस्टर तुझ्याच हातचं आहे, असं साहेबांनी त्याला आधीच बजावलं होतं. विल्सन उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. रजिस्टर खोटं आहे आणि ते आपणच लिहिलंय, हेही. कुणी त्याला शिवी दिली नाही, कुणी शाबासकीही दिली नाही.

बोअर तळापासून सिमेंटने बुजवला गेला. यंत्रं घाट उतरून गेली, विल्सनचं काम गेलं. वाडीला एक दिवसाआड टँकर सुरू झाला. पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी थंड झालं, पण मचूळपणा गेला नाही.

दिवाळीच्या सुमारास विल्सन वाडीवर गेला. बनुबाईने टँकरच्या पाण्याचा चहा दिला.

"वीज हुईल म्हनून समदे लई खूश हुते," ती म्हणाली. "आता वाफंसाठी कुनी परत येनार न्हाई ना हितं?"

खाली उष्णता होती, भरपूर होती. नीट केलं असतं तर विहीरही राहिली असती आणि वीजही झाली असती. विल्सनने कप खाली ठेवला.

"न्हाई येनार, मावशी," तो म्हणाला.