चादरींच्या गाडीचा कागद

दादाला मी अपघाताच्या दिवशीच झापलं होतं. "लक्ष कुठे असतं तुझं? माणूस दिसला की त्या गाड्या आपोआप थांबतात. त्या प्रोग्रॅमवर मी वर्षभर घाम गाळलाय." तो मान खाली घालून बसला.

माझा थोरला भाऊ इस्पितळात वॉर्डबॉय आहे. मळक्या चादरी नेणारी आपोआप चालणारी गाडी दारातून आली आणि तो ढकलत असलेल्या चाकाच्या खुर्चीवर आदळली. खुर्चीतल्या आजींचा हात मोडला. दादाचं लक्ष नव्हतं, असा ठपका ठेवून त्याला घरी बसवलं. नोकरी राहते की जाते, ते शुक्रवारच्या चौकशीत ठरणार होतं.

प्रोग्रॅमचा अहवाल आमच्या कंपनीने द्यायचा होता. तो लिहायचं काम मी मागून घेतलं आणि साहेबांना नातंही सांगून टाकलं. ते म्हणाले, "सगळं कागदावर दाखव, म्हणजे झालं."

गाड्या सहा. औषधांची, जेवणाची, चादरींची, कचऱ्याची, रक्ताच्या नमुन्यांची आणि ऑक्सिजनची. प्रत्येकीचा प्रोग्रॅम वेगळा, अक्कल स्वतःची. लिफ्ट आधी कुणी घ्यायची, हे त्या आपसात बोलून ठरवतात. पण काही कामं कुणा एकीची नसतात, सगळ्यांचीच असतात. नोंद ठेवणं, बॅटरी बघणं, दारापाशी थांबून पलीकडे माणूस आहे का ते तपासणं. अशा ओळी सहाही प्रोग्रॅममध्ये इथे दोन, तिथे चार अशा विखुरलेल्या असतात. पडद्यावर एकेक फाईल उघडून बघत बसलं तर हाती काही लागत नाही. म्हणून मी सगळं छापून घेतलं, जेवणाचं टेबल अडवलं आणि दादाच्या मुलीचे रंगीत खडू उसने आणले. नोंदीला निळा, बॅटरीला हिरवा, दाराला पिवळा.

पाच गाड्यांच्या कागदांवर पिवळा रंग आला. चादरींच्या गाडीत तो कुठेच नव्हता.

तीनदा वाचलं. मग दाराच्या त्या ओळी कधी आणि कुणी काढून टाकल्या, ते शोधलं. नाव माझंच निघालं.

दोन वर्षांपूर्वी मला या पुनरुक्तीचा फार राग यायचा. तेच तेच सहा ठिकाणी कशाला? एकाच जागी लिहू, सगळ्या गाड्या तिथून घेतील. सुरुवात म्हणून चादरींच्या गाडीतल्या ओळी मी काढल्या. त्या एका जागी लिहायच्या आतच मला दुसऱ्या कामाला जुंपलं, आणि मी विसरले. ती गाडी मागच्या रिकाम्या वाटेने जायची, म्हणून दोन वर्षं निभावलं. गेल्या महिन्यात तिची वाट बदलली. नीटनेटक्या कामाबद्दल मला तेव्हा शाबासकी मिळाली होती. ती मात्र मी विसरले नव्हते.

शुक्रवारी सहाही गाड्यांचे कागद चौकशी करणाऱ्या बाईंसमोर मांडले.

"चादरींच्या गाडीतल्या ओळी कुणी काढून टाकल्या?" त्यांनी विचारलं.

"मी."

साहेब चष्मा काढून पुसत बसले. बाई दादाकडे वळल्या. "पण तुम्ही तर चूक लेखी कबूल केलीत."

"हिने सांगितलं, गाडी थांबतेच," दादा म्हणाला. "म्हटलं, मग मीच बघितलं नसेन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाला सोमवारपासून कामावर यायला सांगितलं. माझं काय ते नंतर कळवणार होते.

आम्ही जिना उतरलो. माझं लक्ष कुठे होतं, हे तो आता विचारेल म्हणून मी खालच्या पायरीपर्यंत वाट बघितली. त्याने विचारलं नाही.