विहिरीतला जागा डबा

विहिरीच्या काठावर दोघे भाऊ सकाळीच जुंपले होते. विहीर सामाईक, भांडणही सामाईक. पाणी रोज वीतभर खाली जायचं. थोरला म्हणायचा, धाकटा चोरून मोटार लावतो. धाकटा म्हणायचा, चोर तोच.

पाणीखात्याच्या साहेबानं तोडगा म्हणून विहिरीत एक डबा बसवून दिला. पाण्याची पातळी तो आपोआप टिपणार होता. "यंत्र खोटं बोलत नाही," साहेब म्हणाला. खरंच होतं. तिसऱ्या दिवशी बॅटरी संपायची. मेलेलं खोटं कुठलं बोलतंय?

"तूच काढून वापरत असशील," थोरला म्हणाला.

"काढून लावू कुठं, कानात?"

साहेब आला, डब्याला दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "मोठी बॅटरी बसवा." ट्रॅक्टरची जुनी बसवली. तीही नवव्या दिवशी आडवी झाली. "याहून मोठी बघा," साहेब म्हणाला आणि गाडीत बसला.

थोरल्याची बायको जळक्या मोटारी दुरुस्त करायची. तिनं डबा ओट्यावर आणला.

"भावजी, तुम्ही समोरच बसा. नंतर म्हणाल, वहिनीनं आत काहीतरी घातलं."

तिनं मीटर लावला आणि कपाळाला हात मारला. "हा झोपतच नाही. पाणी हलतं तासाला बोटभर, आणि हा बघतोय सेकंदाला. वर लाल दिवा लावून कुणाची वाट बघतोय कोण जाणे."

"मग?" थोरल्यानं विचारलं.

"पंधरा मिनिटांनी उठायचं, पाणी बघायचं, आकडा लिहायचा, परत झोपायचं."

"म्हणजे साहेबासारखं," धाकटा म्हणाला.

"साहेब उठतात कुठं?" थोरला म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

वहिनीनं लॅपटॉप जोडून डब्याचा प्रोग्राम बदलला, दिव्याची तार कापली आणि मूळची मुठीएवढी बॅटरी परत घातली. त्यातूनही दोघांनी दिवसा एकमेकांच्या मोटारीला कुलूप घातलंच. विश्वास म्हणजे काय बॅटरी आहे, बदलली की झालं?

डबा पन्नास दिवस अखंड चालला. वहिनीनं आकडे कागदावर छापून आणले तेव्हा आम्ही सगळे शेजारी वाकून बघत होतो. मोटारी कुलुपात असताना, दहा ते पाच, पाणी सरळ खाली जात होतं. रविवारी मात्र जागच्या जागी.

"रविवारची सुट्टी आपल्यात कुणाला असते?" वहिनीनं विचारलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. बांधापलीकडे साहेबाचं कार्यालय, त्याची हिरवीगार बाग आणि बागेतली नवी बोअर सगळ्यांनाच दिसत होती.

साहेबाला दाखवायला नेला तेव्हा त्यानं कागद उलटा धरला, मग सुलटा. "यंत्राशी छेडछाड झाली आहे. हे आकडे चालणार नाहीत."

"बरं," वहिनी शांतपणे म्हणाली. "बॅटरी अजून अर्धी आहे. आणखी पन्नास दिवस टिपते, मग मोठ्या साहेबांना दाखवू."

पुढच्या सोमवारी बोअर बंद झाली. फाटकावर पाटी लागली, 'देखभालीसाठी'. विहिरीचं पाणी दोन हात वर आलं. भाऊ आता चोरीवरून भांडत नाहीत. वहिनीला डबा उघडायला आधी कुणी सांगितलं, यावरून भांडतात. खरं तर दोघांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं.