रंगुबाईची शेगडी

"दार लोट गं बनुबाई, वारा शिरतोय!" रंगुबाई आतून ओरडली आणि खिडकीच्या कडेला जुन्या लुगड्याची चिंधी कोंबत राहिली. खिडकी सरकत्या काचेची, नवी कोरी. तिला फट म्हणून नव्हती. पण ओल्या बाळंतिणीच्या खोलीत वारा येऊ द्यायचा नाही, हा घरोघरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या रंगुबाईचा तीस वर्षांचा शिरस्ता होता आणि त्यात ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

बाजेवर सुकन्या पडली होती, कानाला स्कार्फ, पोटाला पट्टा. कुशीत अकरा दिवसांची लेक, नुकतीच न्हाऊन लालबुंद झालेली. बाजेखाली रंगुबाईची स्वतःची लोखंडी शेगडी. पारनेरच्या अलीकडच्या या वस्तीवर जेवढ्या बाळंतिणी झाल्या, तेवढ्यांच्या बाजेखाली ती शेगडी जाऊन आली होती. आज थंडी कडाक्याची, म्हणून रंगुबाईने बाभळीच्या कोळशाची आणखी एक ओंजळ टाकली आणि वर धुरीसाठी ओवा, बाळंतशेपा भुरभुरला.

"आत्या, डोकं लई दुखतंय," सुकन्या म्हणाली. "कालच्यापरीस जास्त."

"दुखनारच. ओली बाळंतीन हायस तू. पड गुमान."

"मळमळतंय पन."

"डिंकाचे लाडू चोरून कुनी खाल्ले मग?" रंगुबाई हसली. तिचंही डोकं तीन दिवस ठणकत होतं, पण ते तिने वयावर ढकललं होतं. दार ओढून घेऊन तिने बाहेरून उंबऱ्याशी गोधडी सारली आणि ती ओसरीवर चहाला बसली.

बनुबाई म्हणजे सुकन्याची आई. पहिलटकरीण लेक माहेरी आलेली, त्यामुळे तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. त्यात मुलाने, हनुमंताने, नागापूरच्या कंपनीत राबून हे स्लॅबचं घर उभं केलेलं. आज त्याची सुट्टी होती आणि तो अंगणात मोटरसायकल पुसत होता.

धुरी घेतलेलं मूल आधी शिंकतं, मग जरा निजतं आणि चहाचा कप संपेस्तोवर दुधासाठी टाहो फोडतं. रंगुबाईला घड्याळ लागत नसे. आज कप संपला. बनुबाईने आणखी अर्धा ओतला, तोही संपला.

"कशी गप निजलीय बया," बनुबाई कौतुकाने म्हणाली. "तुमच्या हाताला गुन हाय."

"शिंकली का गं ती?"

"न्हाई ऐकलं. निजू द्या की."

रंगुबाईने कप खाली ठेवला. ती उठली, गोधडी पायाने उडवली, दार ढकललं. आतली गरम, कोंडलेली हवा तोंडावर आली.

"सुकन्या! ए पोरी!"

सुकन्याचे डोळे अर्धवट उघडे होते, उशीवर उलटी झालेली. ती नुसती कण्हली. रंगुबाईने मूल उचललं तर मान लुळी.

"हनुमंता, धाव रं! बहिनीला भायेर काढ!"

मूल छातीशी धरून ती अंगणात धावली. माळावरचं गार वारं सुटलं होतं. मागून बनुबाई शाल घेऊन किंचाळत आली. "अहो, वारा लागंल पोरीला! आत घ्या, आत!"

"लागू दे वारा! सोड ती शाल!"

बनुबाई मूल ओढायला लागली. रंगुबाईने तिला कोपराने ढकललं, मुलाचं टोपडं फेकलं, दुपटं सोडलं आणि ती उघडी पोर वाऱ्याकडे तोंड करून धरली. तळवे चोळले, पाठ चोळली. "रड गं माझे बाय, रड. एकडाव रड."

पोर रडेना. ओठ हलेनात. रंगुबाई चोळत राहिली. मग पोरीने एक आचका दिला, शिंकली आणि बारीक आवाजात रडायला लागली. रंगुबाईने तिला पदरात गुंडाळलं.

हनुमंताने सुकन्याला अंगणात आणून निजवलं होतं. तिने डोळे उघडले आणि पहिलं लेकीबद्दलच विचारलं. तोवर कुणीतरी बोलावलेली गावची आशा सेविका रुपाली आली. तिने आधी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. "नेमकं काय झालं? डॉक्टरांना सांगावं लागंल मला."

"अशक्तपना, दुसरं काय!" बनुबाई डोळे पुसत म्हणाली. "न्हाईतर नजर लागली कुनाची. घरी आल्या की उतरून टाकते."

जमलेल्या शेजाऱ्यांनी माना हलवल्या. रंगुबाईचं नाव कुणीच काढलं नाही. गप्प बसली असती तरी चाललं असतं.

तिची नजर उघड्या दारातून आत गेली, वर छताला भिडली. ही सुकन्या जन्मली तेव्हा इथे पत्र्याचं घर होतं. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये चिमणी शिरेल एवढी जागा. रंगुबाई त्या जागेला शिव्या घालायची. आता वर स्लॅब, चारी बाजूंनी गिलावा, खिडकीत तिचीच चिंधी. कोळशाची हवा जाणार कुठं? पोरगी तीन दिवस सांगत होती. रंगुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज नजरेवर भागलं, तर दोघी पुन्हा याच खोलीत येतील आणि पुन्हा शेगडी पेटेल.

"नजर न्हाई," ती म्हणाली. "माझी शेगडी. कोळसा कोंडला खोलीत. खिडकी मी बुजवली, दार मी लावलं. पोरगी डोकं दुखतंय म्हनत हुती, म्या चेष्टा केली. रुपाली, डाक्टरला हेच सांग."

बनुबाईने तिच्याकडे पाहिलं. मग नातीला तिच्या हातातून काढून घेतलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रंगुबाईला वाटलं.

चौथ्या दिवशी मायलेकी सुखरूप घरी आल्या. पाचव्या दिवशी सकाळी, नेहमीच्या वेळेला, रंगुबाई तेलाची वाटी पदराआड धरून अंगणात उभी राहिली. बनुबाई ओसरीतून उतरून समोर आली.

"नगं आता, रंगुबाई. पोरीला आमीच अंघोळ घालू." आवाज कडक नव्हता, पण तिने बाजूला होऊन वाटही दिली नाही. भिंतीशी शेगडी ठेवली होती, राख झाडून, घासूनपुसून.

"बरं," रंगुबाई म्हणाली. तिने शेगडी उचलली. "थंडी वाढली तरी खिडकी लावू नका. एवढं ऐका माझं."

"न्हाई लावत."

तिच्या घराची वाट त्याच खोलीच्या मागून जात होती. खिडकीच्या दोन्ही काचा सरकवलेल्या, खाचेत चिंधीचा एक धागा अडकून राहिलेला. आत पाण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. रंगुबाईने शेगडी वाटेच्या कडेला ठेवली आणि ती उभी राहिली. चहाचा एक कप संपेल एवढा वेळ गेला. थोडा जास्तच गेला असं तिला वाटलं.

मग पोरीने दुधासाठी टाहो फोडला. रंगुबाईने शेगडी उचलली आणि ती घराकडे चालू लागली.